पावागड उतरल्यानंतर दुसऱ्या दिवशी दिलेले रक्त

प्रश्न : मी बडोद्यात राहते. वय ५४, शाळेत शिक्षिका आहे. दोन महिन्यांपासून रोज सकाळी कमाटीबागेत वीस मिनिटे भरभर चालते. मागच्या रविवारी शाळेतल्या मैत्रिणींबरोबर पावागडावर गेले होते. वर जाताना रोप-वेने गेलो, उतरताना मात्र हौसेने सगळ्या पायऱ्या पायी उतरलो. सोमवारी सकाळी नेहमीसारखी चालले आणि बागेतून परस्पर प्रयोगशाळेत जाऊन उपाशीपोटी तपासणीचे रक्त दिले. साखर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन ठीक आले, पण दाह दाखवणाऱ्या दोन तपासण्यांत एचएस-सीआरपी ४.८ आणि आयएल-६ ९.२ आले, आणि दोन्हींपुढे 'जास्त' असा शेरा होता. मुलगा म्हणतो की आयएल-६ म्हणजे करोनात धोक्याची ठरलेली तीच तपासणी. यजमान म्हणतात, शरीरात दाह असताना व्यायाम नको. मी चालणे थांबवले आहे, आणि माझे पाहून सासूबाईंनीही (वय ७८, दोन्ही गुडघे दुखतात) खुर्चीत बसून करायचे व्यायाम सोडून दिले आहेत. व्यायामाने रक्तातला दाह खरोखर वाढतो का?

उत्तर : ताई, नमस्कार.

थांबवलेले चालणे उद्या सकाळपासून पुन्हा सुरू करा, हे आधी सांगतो आणि कारणे मग देतो. तुमचा अहवाल चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. आकडे बरोबर असतील, परंतु ते तुमच्या नेहमीच्या प्रकृतीचे नसून एका रविवारचे आणि एका सोमवारच्या सकाळचे आहेत, असे मला तुमच्या पत्रातील तपशिलावरून वाटते. रोप-वेने वर गेलात आणि पायी उतरलात हे तुम्ही लिहिले नसते, तर मला इतक्या खात्रीने लिहिता आले नसते.

बोटात काटा रुतला की ती जागा लाल होते, गरम होते, सुजते आणि ठणकते. हा दाह शरीराच्या हिताचा असतो आणि काम झाले की विझतो. दुसरा दाह मंद असतो. तो दिसत नाही, दुखत नाही, वर्षानुवर्षे धुमसत राहतो, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होणे, इन्शुलिनचा परिणाम कमी होणे अशा गोष्टींना हातभार लावतो. तुमच्या तपासणीत शोधायचा होता तो हा दुसरा. दोन्ही प्रकारांत पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते सायटोकाइन नावाच्या लहान प्रथिनांच्या द्वारे. आयएल-६, म्हणजे इंटरल्यूकिन-६, हे त्यांपैकीच एक. रक्तात ते इतके थोडे असते की ते पिकोग्रॅममध्ये मोजावे लागते, आणि एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. इतक्या सूक्ष्म मोजमापात सकाळच्या एका फेरीचा ठसा उमटला तर त्यात नवल नाही.

तुमच्या मुलाची भीती मला समजते. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत कितीतरी घरांनी आयएल-६चे आकडे श्वास रोखून वाचले आहेत, आणि ज्या टोसिलिझुमॅब इंजेक्शनासाठी नातेवाईक रात्री-अपरात्री गावभर फिरले, ते इंजेक्शन आयएल-६चा निरोप पेशीपर्यंत पोहोचू न देण्याचेच काम करते. त्या आजारात आयएल-६ एकटे वाढत नव्हते. दाह पेटवणाऱ्या अनेक प्रथिनांच्या लोंढ्यात ते होते, दिवसेंदिवस चढत होते, आणि रुग्ण तापाने व धापेने बेजार होता. फरक केवळ आकड्यांचा नाही. खरा फरक आहे तो हे प्रथिन कोठून निघाले, त्याच्या सोबतीला कोण होते आणि ते किती वेळ टिकले, यात.

जपानमधील ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने १९८६ साली या प्रथिनाचे जनुक ओळखले, तेव्हा ते प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींना चालना देणारे द्रव्य म्हणून ओळखले गेले, आणि त्यामुळे त्याचे नाव कायमचे रोगप्रतिकाराशी जोडले गेले. व्यायामानंतर ते रक्तात वाढते हे पुढे दिसू लागले, तेव्हा स्नायूंना इजा होत असावी, असा पुष्कळांचा समज होता. कोपनहेगनमधील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी पुरुषांना एकाच पायाने, गुडघा पुन्हा पुन्हा सरळ करण्याचा व्यायाम काही तास करायला लावला, आणि पायाकडे जाणाऱ्या रोहिणीतले व पायाकडून परतणाऱ्या नीलेतले आयएल-६ वेगवेगळे मोजले. राबणाऱ्या पायातून परतणाऱ्या रक्तात ते जास्त होते. आकुंचन पावणारा स्नायूच ते सोडत होता. याच शहरातील बेंटे क्लारलुंड पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली स्नायूंतून निघणाऱ्या अशा संकेत-प्रथिनांना 'मायोकाइन' हे नाव सुचवले. मांडीचा स्नायू हा केवळ आपल्याला उचलून नेणारा गडी नसून तो ग्रंथीसारखा रक्तात निरोपही सोडतो, ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते.

हा निरोप काय सांगतो? स्नायूतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेचा साठा कमी होऊ लागला की आयएल-६ अधिक निघते, यकृताला साखर सोडायला सांगते आणि चरबीला विरघळायला सांगते. म्हणजे मुळात हा इंधन मागवण्याचा निरोप आहे. जंतूशी लढणाऱ्या मॅक्रोफेज पेशी जेव्हा आयएल-६ सोडतात, तेव्हा त्याच्या जोडीने टीएनएफ-अल्फा हे दाह भडकवणारे प्रथिनही सोडतात. काम करणारा स्नायू आयएल-६ सोडतो तेव्हा सामान्य व्यायामात टीएनएफ-अल्फाची तशी साथ नसते. उलट आयएल-६च्या पाठोपाठ आयएल-१० आणि आयएल-१आरए ही दोन प्रथिने रक्तात वाढतात, आणि ही दोन्ही दाह शमवणारी आहेत. पहिले दाह पेटवणाऱ्या पेशींना आवर घालते. दुसरे आयएल-१ या प्रथिनाची पेशीवरची जागा स्वतः अडवून धरते, त्यामुळे आयएल-१ला आपला निरोप पोहोचवता येत नाही.

२००३ सालच्या एका प्रयोगात ही गोष्ट फार स्पष्टपणे दिसली. निरोगी पुरुषांना जंतूंच्या कवचातील एंडोटॉक्सिन या द्रव्याची अगदी अल्प मात्रा शिरेतून देण्यात आली, जेणेकरून शरीरात मंद दाहासारखी स्थिती निर्माण व्हावी. नुसते विश्रांती घेतलेल्यांच्या रक्तात टीएनएफ-अल्फा दुप्पट-तिप्पट वाढले. ज्यांनी त्याच्या आधी अडीच तास सायकल चालवली होती त्यांच्यात ती वाढ झालीच नाही, आणि ज्यांना व्यायामाऐवजी आयएल-६ टोचले होते त्यांच्यातही झाली नाही. ज्या प्रथिनाच्या नावाने तुमच्या घरात काळजी पसरली आहे, त्याच प्रथिनाने तेथे दाहाला पायबंद घातला होता.

तुम्ही म्हणाल, मी कुठे अडीच तास सायकल चालवते? तुमच्या वीस मिनिटांशी मिळताजुळता प्रयोग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केला आहे. ४७ जणांना ट्रेडमिलवर प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे मध्यम वेगाने केवळ वीस मिनिटे चालवले, आणि त्याच्या आधी व नंतर घेतलेल्या रक्ताला प्रयोगशाळेत एंडोटॉक्सिनने डिवचून पाहिले. व्यायामानंतरच्या रक्तात टीएनएफ तयार करणाऱ्या पेशींचे प्रमाण सुमारे पाच टक्क्यांनी कमी झाले होते. चालताना वाढणारी ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके या पांढऱ्या पेशींवरील बीटा-२ नावाच्या ग्राहकांना, म्हणजे निरोप टिपणाऱ्या जागांना, स्पर्श करतात आणि त्यांना शांत करतात, असा त्यामागचा मार्गही त्यांनी दाखवला. पाच टक्के म्हणजे काही चमत्कार नव्हे, आणि हा परिणाम एका बैठकीचा आहे. पण घाम गाळून दमछाक न करता, वीस मिनिटांत, पेशींच्या वागण्यात मोजता येईल असा बदल होतो, एवढे त्यातून निश्चित कळते, आणि रोज चालणाऱ्याला ही वीस मिनिटे रोज मिळतात.

आता तुमच्या अहवालाकडे येतो. त्यातील दोन आकड्यांची घड्याळे वेगवेगळी आहेत. व्यायामातून वाढलेले आयएल-६ व्यायाम संपताना किंवा त्यानंतर थोड्या वेळात सर्वांत वर असते आणि काही तासांत पुष्कळ खाली येते. तुम्ही बागेतून थेट रक्त द्यायला गेलात, म्हणजे ते वर असण्याच्या वेळीच सुई लागली. त्यातून पोट उपाशी होते. स्नायूतला साठा अपुरा असला आणि बाहेरून साखर मिळत नसली की हे प्रथिन अधिक निघते, हे वर आलेच आहे. सीआरपी या दाह दाखवणाऱ्या प्रथिनाचे (एचएस-सीआरपी ही त्याचीच सूक्ष्म मोजणी) मात्र तसे नाही. ते यकृतात तयार होते, आयएल-६ हाच त्याचा मुख्य चेतक असतो, ते रक्तात चढायला काही तास लागतात, शिखर गाठायला साधारण दोन दिवस लागतात, आणि त्याचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला सुमारे १९ तास जातात. म्हणून सोमवारी सकाळच्या फेरीचा तुमच्या ४.८शी संबंध असू शकत नाही. तो आकडा त्याआधीच्या एक-दोन दिवसांचा साक्षीदार आहे, आणि त्या एक-दोन दिवसांत पावागड येतो.

चढण्याने दम लागतो आणि उतरण्याने मांड्या भरून येतात, हे गड चढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तो ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो, प्रत्येक पायरीला ब्रेक लावल्यासारखा, आणि सवय नसेल तर त्या ताणाने स्नायूंच्या धाग्यांना सूक्ष्म इजा होते. त्या दुरुस्तीसाठी पांढऱ्या पेशी तेथे जमतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळ येते, रक्तात सीके हे स्नायूंतले द्रव्य वाढते आणि सीआरपीही थोडे वाढू शकते. हा काट्याच्या जातीचाच, कामाचा आणि विझणारा दाह आहे. रोप-वेने वर जाऊन तुम्ही दम वाचवलात, पण इजा करणारा अर्धा भाग नेमका पायी केलात. नवरात्रात पहिल्या रात्री तास-दोन तास गरबा खेळून दुसऱ्या सकाळी कोणी रक्त दिले, तर त्याचेही असेच होईल. बडोद्याला हे नव्याने शिकवण्याची खरे तर गरज नाही, कारण जुम्मादादा व्यायाममंदिर आणि व्यायामगुरू प्राध्यापक माणिकराव यांचे हे गाव आहे, आणि तालमीत नव्या मुलाला पहिल्याच दिवशी शेकड्याने बैठका मारू देत नाहीत, ते याच कारणाने.

तरीही ४.८ हा आकडा मी पावागडाच्या माथी मारून मोकळा होणार नाही. हृदयाच्या जोखमीच्या दृष्टीने एचएस-सीआरपी प्रतिलिटर १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर कमी, १ ते ३ असेल तर मध्यम आणि ३ च्या वर असेल तर अधिक जोखीम मानतात, आणि १० च्या वर गेल्यास आधी जंतुसंसर्ग किंवा अन्य तीव्र कारण शोधतात. हा निर्णय एका तपासणीवर करायचा नसतो. प्रकृती स्वस्थ असताना, सुमारे दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून त्यांची सरासरी पाहावी, अशी पद्धत आहे. त्या तपासणीच्या आधी तीन-चार दिवस नेहमीपेक्षा वेगळी मेहनत करू नका, त्या दिवशीचे चालणे रक्त दिल्यानंतर करा, आणि सर्दी, ताप, लघवीची जळजळ किंवा दाढेचा ठणका असेल तर तपासणी पुढे ढकला. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याला अवश्य दाखवा. हिरड्यांचा जुना आजार सीआरपी वाढवतो आणि आपल्याकडे त्याच्याकडे फार दुर्लक्ष होते. पाळी थांबल्यानंतरच्या त्रासासाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यांनीही हा आकडा वाढतो. आयएल-६ पुन्हा करण्याची मला गरज वाटत नाही. निरोगी माणसाच्या नियमित तपासणीत त्याला स्थान असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅकेजमध्ये आहे म्हणून केलेली तपासणी घरातली झोप उडवण्यापलीकडे क्वचितच काही करते.

दुसऱ्यांदाही सीआरपी तीनच्या वर आले, तर पहिली नजर पोटाच्या घेराकडे जायला हवी. टेप बेंबीच्या पातळीला, श्वास सोडल्यावर, न आवळता लावा. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात, म्हणून यजमानांचाही घेर मोजा. आतड्यांभोवती साठणारी चरबी निष्क्रिय नसते. तिच्यात मॅक्रोफेज शिरतात आणि तेथून आयएल-६ व टीएनएफ-अल्फा रात्रंदिवस पाझरत राहतात. मंद दाहाचा मोठा भाग तेथला असतो. वजनाचा काटा ठीक दाखवतो म्हणून निश्चिंत राहू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, अगदी सारखा. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हा आपल्या सर्वांच्या बांध्याचा गुण आहे.

आणि ही पोटातली चरबी कमी करण्यात व्यायामातल्या आयएल-६चा हात असतो, हे तुमच्या मुलाला आवर्जून सांगा. कोपनहेगनमध्येच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोट सुटलेल्या माणसांनी १२ आठवडे सायकलिंग केले. त्यांच्या पोटातली चरबी घटली. ज्यांना त्या काळात टोसिलिझुमॅब, तेच करोनातले इंजेक्शन, दिले होते, त्यांनी तेवढाच व्यायाम करूनही त्यांच्या पोटातली चरबी घटली नाही. म्हणजे एका आजारात जो निरोप अडवणे जीव वाचवणारे ठरले, तोच निरोप चालत्या-फिरत्या माणसात अडवला तर व्यायामाचा एक मोठा लाभ हातचा जातो.

किती चालावे, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिले आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम. तुमची रोजची वीस मिनिटे म्हणजे १४० झाली, तेव्हा आणखी थोडी वाढवा. व्यायाम सलग दहा मिनिटे तरी झालाच पाहिजे ही जुनी अट त्याच वेळी काढून टाकली आहे, त्यामुळे शाळेचे जिनेही हिशेबात धरा. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे. उन्हाळ्यात बडोद्याचा पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा ऊन चढण्याआधी परत या. पावागडही सोडू नका, मात्र पुढच्या खेपेच्या आधी महिनाभर घराचा जिना रोज थोडा थोडा उतरून मांड्यांना सवय लावा. अशा सवयीने पुढच्या वेळची इजा आणि कळ दोन्ही लक्षणीय कमी होतात. चालताना छातीत दडपण आले, दमणुकीनंतर लघवी गडद तांबडी किंवा काळपट झाली, बारीक ताप आणि वजनातली घट दिसू लागली, किंवा सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे तासभर आखडलेले राहू लागले, तर सीआरपीच्या दुसऱ्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

राहिल्या सासूबाई. त्यांनी व्यायाम सोडला, याची मला तुमच्या अहवालापेक्षा जास्त काळजी वाटते, कारण ७८व्या वर्षी मांडीचा स्नायू काही आठवड्यांच्या विश्रांतीने जितका उतरतो तितका परत मिळवायला फार काळ लागतो, आणि तो उतरला की गुडघ्यावरचा भार वाढतो. गुडघ्याची झीज झालेल्या ३१ स्त्रियांवर डेन्मार्कमध्ये झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग त्यांना वाचून दाखवा. बारीक नळ्या गुडघ्याच्या आत आणि सांध्याच्या आवरणालगत बसवून तेथल्या द्रवातील प्रथिने मोजली गेली. ज्या स्त्रियांनी बसून गुडघा सरळ करण्याचा व्यायाम केला, त्यांच्या गुडघ्यात दाह शमवणारे आयएल-१० वाढले, आणि तेही एकाच बैठकीत. तेथे वजन लावून पुष्कळ आवर्तने करून घेतली होती. सासूबाईंनी तसे करायचे नाही. पाठ टेकून खुर्चीत बसावे, एक पाय हळूहळू सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत धरावा आणि तितक्याच हळू खाली आणावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळी आणि संध्याकाळी. करताना थोडे दुखले तर चालेल, दुसऱ्या सकाळपर्यंत ते दुखणे राहिले तर आवर्तने निम्मी करावीत, आणि गुडघा लाल, गरम होऊन सुजला तर थांबून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. पहिले काही दिवस तुम्हीच त्यांच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीत बसून हा व्यायाम करा. तुमचे पाहून त्यांनी तो सोडला आहे, तर तुमचे पाहूनच त्या तो पुन्हा सुरू करतील.